लस शिकवायची आहे? तासाला तूप घेऊन जा

"बाई, लस इतक्या लवकर कशी आली?" करोनानंतर आठवीच्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो. मी उत्तर मुंबईच्या प्लेगपासून सुरू करते.

फळ्यावर आधी दोनच नोंदी करा. ऑक्टोबर १८९६ : जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. १० जानेवारी १८९७ : प्लेगची लस त्यांनी स्वतःला टोचून घेतली. मुलं महिने मोजतात आणि "बापरे, तीनच!" म्हणतात. मग त्याच्या वर १८९२ लिहा. त्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पटकीची लस स्वतःवर घेतली होती, आणि पुढे हिंदुस्थानात ती हजारो लोकांना टोचली. आता गप्प राहा. तीन महिन्यांमागची वर्षं मुलांना स्वतः सापडू द्या, तिथे आपण घाई करू नये.

तुपाची तयारी आदल्या दिवशी करायची. बरणीच्या झाकणात पातळ तूप ओतायचं, शिवणाच्या दोऱ्याच्या बोटभर तुकड्यांची एकेक टोकं त्यात बुडवायची आणि तूप थिजू द्यायचं. वर्गात ती चकती दोरे खाली करून बरणीतल्या गार पाण्यावर सोडा. दोरे भिजले की लोंबायला लागतात. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्यावर हाफकिननी हेच साधलं. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्या खाली प्लेगचे जंतू धाग्यांसारखे लोंबत वाढत. चंबू हलवला की धागे तळाशी बसत आणि वर नवे येत. भरपूर साठले की उष्णतेने जंतू मारायचे आणि वर थोडं कार्बॉलिक अ‍ॅसिड घालायचं. टोचायचे ते मेलेले जंतू, हे दोनदा सांगा. मुलांची भीती तिथेच अडकलेली असते.

शेवटी भायखळ्याचा तुरुंग. जानेवारीच्या अखेरीस तिथे प्लेग शिरला. पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही, आणि दोन्ही गटांत किती आजारी पडतात, किती दगावतात ते मोजलं. लस घेतलेल्यांत ते प्रमाण कमी निघालं.

गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "बाई, कैद्याला नाही म्हणता आलं असतं?" हा प्रश्न अजिबात टाळू नका. मला तो फार मोलाचा वाटतो. आम्ही त्या दिवशी चित्रकलेचा तास मागून घेतला.