अलिगढ-देवबंदचा दोन रकान्यांचा घोळ, या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या मुलांचे निबंध तपासते मी, आणि ब्रिटिश काळातल्या मुस्लिम सुधारकांवर प्रश्न आला की बहुतेक वह्यांत तेच दोन रकाने. अलिगढ, म्हणजे सर सय्यद अहमद खानांचं इंग्रजी शिक्षणाचं कॉलेज आणि त्यांच्या मागचे लोक, हे मॉडर्न पण इंग्रजधार्जिणे. देवबंद, म्हणजे तिथला धार्मिक शिक्षणाचा मदरसा आणि त्याचे मौलाना, हे जुनाट पण इंग्रजविरोधी. पाठ करायला सोपं पडतं, पण त्यात माणसं पार हरवून जातात आणि मला खरंच वाईट वाटतं.

पहिली चूक, सर सय्यद अहमद खानांना 'इंग्रजांचा माणूस' म्हणून मोकळं होणं. 1857 च्या उठावात ते बिजनौरला कंपनीचे नोकर होते, इंग्रज कुटुंबांना त्यांनी वाचवलं, हे खरंच आहे. पण त्यानंतर लगेच उठावाच्या कारणांवर पुस्तक लिहून त्यांनी सरकारचीच चूक दाखवली, की कायदे करणाऱ्या मंडळात एकही भारतीय माणूस नाही, मग लोकांच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला कळणार कसं? त्या दिवसांत हे छापणं म्हणजे जिवावरचा खेळ होता.

याच्याच उलट चूक म्हणजे त्यांना थेट पाकिस्तानचे जनक करून टाकणं. इथे अडलात की आधी सनावळी मांडा. ते वारले 1898 ला, मुस्लिम लीग निघाली 1906 ला. काँग्रेसला विरोध त्यांनी केलाच, 1887 चं लखनौचं आणि 1888 चं मेरठचं भाषण वाचा, निवडणुका आणि स्पर्धा परीक्षा आल्या तर आपला समाज मागे पडेल ही भीती त्यात स्पष्ट दिसते, ते लपवू नका. पण त्यांच्या अलिगढच्या कॉलेजचा पहिला पदवीधर ईश्वरी प्रसाद होता, हेही लिहा ना.

आणि सगळे मुस्लिम पुढारी त्यांच्याच मागे होते असं तर अजिबात लिहू नका. आपल्या मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी 1887 ला मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, दोघांमध्ये यावरून पत्रापत्री झाली. तय्यबजींनी इतरांसोबत 1874 मध्ये काढलेली अंजुमन-इ-इस्लाम आजही सीएसएमटीसमोर उभी आहे.

मुलींच्या शिक्षणाचं श्रेय पण डोळे झाकून सर सय्यदांना देतात, तर आधी पुरुष शिकू देत असं त्यांचंच मत होतं. अलिगढला मुलींची शाळा शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ यांनी काढली, 1906 मध्ये. कोलकात्यात बेगम रुकय्यांनी 1911 ला आठ मुलींवर शाळा सुरू केली.

आता देवबंद, इथे तर सगळ्यात जास्त घोळ. 1866 मध्ये छत्ता मशिदीच्या अंगणात डाळिंबाच्या झाडाखाली एक शिक्षक आणि एक विद्यार्थी, दोघांचंही नाव महमूद, अशी सुरुवात झाली. शिकवायचे धार्मिक विषय, पण ठरलेला अभ्यासक्रम, लेखी परीक्षा, पगारी शिक्षक, दरवर्षी छापलेला अहवाल, ही सगळी घडी नव्या जमान्याचीच की! फरक बघायचा तर पैशाकडे बघा. देवबंदच्या संस्थापकांपैकी एक, मौलाना कासिम नानोतवी, यांनी घालून दिलेला नियम असा की सरकारकडून किंवा बड्या लोकांकडून हात बांधून टाकणारी रक्कम नको, साध्या लोकांच्या वर्गणीवर चालवायचं. अलिगढला कॉलेजची पायाभरणी 1877 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लिटनने केली. राजकारणात मात्र देवबंदचे रशीद अहमद गंगोही मुसलमानांनी काँग्रेससोबत काम करायला हरकत नाही म्हणत होते, म्हणजे मदरशातले मौलाना काँग्रेसकडे आणि इंग्रजी शिकलेले काँग्रेसविरोधी! आता सांगा, कोणता रकाना कुठे भरायचा?

तरी शंका असेल तर 29 ऑक्टोबर 1920 बघा. असहकारात अलिगढच्याच काही मुलांनी सरकारी मदतीवर चालणारं कॉलेज सोडलं आणि जामिया मिलिया ही स्वतंत्र शिक्षणसंस्था सुरू केली. उद्घाटनाला आले महमूद हसन, इंग्रजांनी माल्टात कैदेत ठेवलेले, त्याच वर्षी सुटलेले, आजारपणामुळे भाषण दुसऱ्याला वाचायला लागलं. डाळिंबाच्या झाडाखालचा तो पहिला विद्यार्थी म्हणजे हेच.