घरचे नाही म्हणतायत, पण तुम्हाला कलेतच करिअर करायचंय? मग असं करा

घरी विषय काढायच्या आधी काम सुरू करा. चित्रं, गाणं, ॲनिमेशन, लिखाण, जे असेल ते, पण पूर्ण झालेल्या चार-पाच गोष्टी हातात हव्यात. नुसतं 'मला आवड आहे' म्हटलं की आईबाबांना त्यात अभ्यासाचा कंटाळाच ऐकू येतो, आणि त्यांचं तरी काय चुकतं, त्यांनी काही बघितलेलंच नसतं.

मग पैशाचं बघा. विरोध बहुतेक वेळा कलेला नसतोच, 'पुढे कसं होणार' ही काळजी असते. त्यामुळे या फील्डमध्ये पैसे कोण देतं, कशाचे देतं, दर महिन्याला येतात की कामाप्रमाणे, सुरुवातीची वर्षं लोक कशावर काढतात (क्लास घेतात, पार्ट टाइम जॉब करतात) हे त्यातच काम करणाऱ्या दोन-तीन जणांना विचारून लिहून काढा. आकडे वाईट निघाले तरी लपवू नका प्लीज, नंतर कळलं की तुमचं सगळंच खोटं वाटायला लागतं.

आता बोला. रिझल्टच्या दिवशी नको, भांडणात तर नकोच. आणि आयुष्यभराची परवानगी मागू नका, मुदत मागा! पुढे मोठा जर्मन संगीतकार झालेला रॉबर्ट शुमान 1830 मध्ये वीस वर्षांचा होता, कायदा शिकत होता, त्याने आईला पत्र लिहून कळवलं की मला संगीतच करायचंय, आणि वर हेही लिहिलं की माझे पियानोचे शिक्षक फ्रीडरिख वीक यांनाच विचार. आईने खरंच विचारलं, वीक हो म्हणाले पण अटी घालून, आधी सहा महिने ट्रायल. मला हे फार पटतं, कारण निर्णय पोराच्या हट्टावरही राहिला नाही आणि आईच्या भीतीवरही नाही, ज्याला त्यातलं कळतं त्याच्याकडे गेला.

तुमच्या मुदतीत काय काय होणार ते आधीच ठरवा, कॉलेज चालू राहणार का, खर्च कोण करणार, काम कोणाला दाखवणार. व्हायरल होणं हे माप धरू नका, ते कोणाच्याच हातात नसतं, पोर्टफोलिओ पूर्ण होणं किंवा पहिलं पैसे देणारं काम मिळणं हे धरा.

तरीही नाहीच म्हणाले तर चिडून काम बंद करू नका, डिग्री चालू ठेवून रोजचा एक तास पक्का करा आणि काही महिन्यांनी नवीन काम घेऊन परत बोला, रशियन लेखक चेकॉव्हसुद्धा डॉक्टरकी करत करतच लिहीत होता.