पॉइंट शूज ही कोल्हापुरी चप्पल नव्हे

नवी कोल्हापुरी आठवडाभर चावणार, हे आमच्याकडे गृहीतच असतं. तेल पाजायचं, दोन-चार दिवस फोड सोसायचे, मग चामडं पायाच्या वळणाला येतं आणि पुढे ती चप्पल आपली. बॅलेत बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायला लागतात ते पहिले पॉइंट शूज मी याच हिशेबाने घेतले आणि साडेपाच हजार रुपये पाण्यात घातले.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. लहानपणी कोल्हापूरच्या राजारामपुरीत भरतनाट्यम, पुढे दर रविवारी पहाटेच्या एसटीने पुण्याला बॅलेचा क्लास. तीन वर्षं मऊ शूजमध्ये काढल्यावर बाईंनी एकदाचा होकार दिला. हा होकार आपला आपण द्यायचा नसतो. एका पायावर, गुडघा न वाकवता, घोटा न डगमगता ओळीने वीसेक रिलेव्हे, म्हणजे टाच उचलून चवड्यावर चढणं, व्हायला हवेत. पाऊल ताणलं की ते नडगीच्या रेषेत यायला हवं. लहान मुलींना तर अकरा-बारा वर्षांच्या आत घाई नकोच, पावलांची हाडं तोवर पुरती भरलेली नसतात. भरतनाट्यम केलंय म्हणजे माझे पाय तयार आहेत, असा मला भ्रम होता. अरमंडीने, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसण्याने, मांड्या घडतात, पण तिथे तळवा जमिनीवर आपटायचा. सगळं अंग बोटांच्या टोकावर तोलायची सवय कुठून येणार?

होकार मिळाला त्याच रात्री ऑनलाइन मागवले. चपलेचा नंबर टाकला, वर अर्धा वाढवला, चावले तर जागा असावी म्हणून. पुढच्या रविवारी सरावाच्या आडव्या दांड्याला, म्हणजे बारला, धरून बोटांवर वर गेले आणि पाय आतल्या आत खाली घसरला. अंगठा तळाशी जाऊन ठेचला, टाचेला साटनचा फुगा आला. बाईंनी दोन मिनिटांत काढायला लावले.

त्याचं कारण मला बाईंपेक्षा सुभाषनगरातल्या आमच्या ओळखीच्या काकांनी नीट दाखवलं. चपला करण्यात त्यांचा जन्म गेलाय. शूज उलटेपालटे करून ते म्हणाले, “ह्यात डावा कुठला गं, आणि उजवा कुठला?” म्हटलं, दोन्ही सारखेच असतात. त्यांना ते पटेना. शेवटी जोड वायाच गेलाय म्हणून एक उसवायला दिला. वर साटन, आत कापड, मग गोणपाट आणि कागदाचे थर, सगळे खळीने चिकटवून वाळवलेले. “मला वाटलं आत लाकूड आसंल. ही तर खळ हाय! घामानं मऊ पडणार की.”

अगदी तेच होतं. बोटांभोवतीचा तो टणक डबा, म्हणजे बॉक्स, आणि तळव्याखालची शँक, म्हणजे आपल्या भाषेत कडक सुकतळा, या दोघांवर नाचणारीचा भार असतो. घाम आणि वापराने दोन्ही हळूहळू मरतात. कोल्हापुरी मऊ पडली की खरी वापरात येते, हे शूज मऊ पडले की फेकायचे. मोठ्या कंपन्यांतल्या नर्तिकांना एकेक जोड एखाद्या प्रयोगापुरताच पुरतो. त्यामुळे ‘पुढे बसेल’ हा हिशेब इथे चालत नाही, पहिल्या मिनिटालाच बसायला हवा.

(लंडनच्या फ्रीड कंपनीत हाताने शूज घडवणाऱ्या प्रत्येक कारागिराची खूण तळव्यावर उमटवलेली असते, हे सांगितल्यावर काका खूश झाले. “मग हाय माणसाचं काम.”)

दुसऱ्या जोडासाठी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठली आणि दुकानात दोन तास बसले. तुम्हीही तेवढा वेळ काढा. नखं दोन दिवस आधी कापा, नेहमीच्या टाइट्स न्या, आणि बोटांना जेलपॅड वापरणार असाल तर तो घालूनच माप द्या. उघड्या चपलांत वाढलेली आमची पावलं पुढे पसरट होतात, त्यामुळे मला लांबीपेक्षा रुंदीचाच घोळ झाला. नुसता नंबर पुरत नाही, त्याच नंबरात अरुंद-रुंद असे प्रकार येतात. बोटं उतरती असतील तर निमुळता बॉक्स, जवळपास सारख्या लांबीची असतील तर चौकोनी. बोटं लांब असतील तर बोटांवरचं झाकण, म्हणजे व्हँप, लांब हवं. बोटांच्या मुळाचे सांधे झाकले गेले पाहिजेत.

सपाट उभं राहिल्यावर बोटं टोकाला टेकावीत, पण दुमडू नयेत. मग प्लिए करा. गुडघे वाकले की पाऊल किंचित लांबतं, तेव्हा बोटं टोकाला घट्ट भिडतात. दाब जाणवेल, कळ मात्र येता कामा नये. मग आधार धरून एका पायावर वर जा. आता टाचेपाशी चिमटीत येईल एवढंच कापड सैल हवं. मूठभर आलं तर शूज मोठे. अंगठा खाली आपटत असेल तर बॉक्स रुंद आहे. शँक कडक तेवढी बरी, हेही खरं नाही. पाऊल तिला वाकवू शकलं नाही तर तुम्ही टोकाच्या मागेच लटकत राहता, पुरते वर जातच नाही. मी अकरा जोड घालून पाहिले. दुकानातली मुलगी एकदाही वैतागली नाही, मीच ओशाळले.

रिबन आणि इलॅस्टिक बहुतेकदा आपणच शिवायचं असतं. टाच आत दुमडा, घडी पडते तिथे रिबन लावा आणि कडेच्या नाडीतून सुई जाऊ देऊ नका. साध्या दोऱ्याऐवजी दात साफ करायचा फ्लॉस घ्या, तुटत नाही. गाठ घोट्याच्या आतल्या खळग्यात दडवायची, मागच्या शिरेवर नाही. सरावाच्या हॉलला गुळगुळीत फरशी असेल तर साटन सर्रकन सरकतं. आम्ही राळेची पूड तळव्याला लावतो, पण हॉलवाल्याला आधी विचारून.

आमच्या पावसाळ्यात तर खळीची परीक्षाच. जूनपासून मी शूज प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवत नाही. पॅड बाहेर काढते, आत वर्तमानपत्राचे बोळे भरते आणि रात्रभर पंख्याखाली टांगते. पहिल्या वर्षी आईने दोन्ही शूज ‘घामट वास येतो’ म्हणून साबणाच्या पाण्यात भिजत घातले होते. तिसरा जोड त्यामुळे घ्यावा लागला.