नेरळ-कर्जतच्या खोऱ्यात घर घ्यायचंय? आधी पाणी बघा, मग कागद

पश्चिमेला माथेरान, पूर्वेला भीमाशंकरकडची सह्याद्रीची भिंत आणि मधून वाहणारी उल्हास नदी. या खोऱ्यातली शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत ही स्टेशनं मुंबईच्या लोकलने जोडलेली आहेत. त्यामुळे ठाणे-डोंबिवलीत परवडत नाही असं ऐसपैस घर इथे मिळेल, या आशेने कुटुंबं येतात. घर मिळतंही. फक्त शहरात बघतो तसं इथे आधी भाव, मजला आणि पार्किंग बघू नका. आधी विचारा, या जागेवर पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? भिंतीची ओल, मे महिन्यातला टँकरचा खर्च, इतकंच काय, सातबाऱ्यावरचे काही रकानेसुद्धा या एका प्रश्नाशी जोडलेले आहेत.

१. गाडीने ये-जा करून बघा

मुंबईच्या सीएसएमटीपासून नेरळ ८६ किलोमीटर आणि कर्जत १०० किलोमीटर. कर्जतहून सीएसएमटीला दोन तासांहून अधिक लागतात. बदलापूरच्या पुढे दोनच रूळ आहेत आणि पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेसही त्यावरूनच जातात, म्हणून घाटात गाडी अडली की लोकलही रखडतात. रविवारी गाडीत बसून काही कळणार नाही. ऑफिसच्या वेळेला, सलग काही दिवस जाऊन-येऊन बघा. रात्री उशिरा स्टेशनवर उतरून ठरवलेल्या घरापर्यंत रिक्षा मिळते का, किती घेते, तेही बघा.

२. एक पावसाळा भाड्याने राहा

अकरा महिन्यांचा भाडेकरार करा आणि तो जूनच्या आधी सुरू करा. महाराष्ट्रात हा करार नोंदवणं बंधनकारक आहे, त्यामुळे तोंडी बोलीवर राहू नका. दलाल म्हणेल, तोपर्यंत भाव वाढेल. वाढू दे. खोऱ्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. दिवाळीनंतर हिरव्यागार दिसणाऱ्या जागेचं खरं रूप जुलैतच कळतं. वीज किती वेळ जाते, मोबाइलला रेंज राहते का, कपडे वाळतात का, शाळेची बस चिखलातून आत येते का, हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

३. पाण्याची वाट शोधा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

२७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. ती सगळी उल्हास नदीच्या काठची सपाटी होती. २६ जुलै २००५ च्या पुरातही हे खोरं बुडालं होतं. तेव्हा जागेजवळच्या जुन्या घरात जा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ‘काका, पाच साली पाणी कुठपर्यंत आलं होतं? आणि एकोणीस साली?’ लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. मग जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधलं घर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधकामावर अटी असतात. त्या पाळल्या आहेत का, हे मंजूर नकाशावर तपासा.

नदी लांब असली तरी निश्चिंत होऊ नका. खोऱ्यातली सपाट जमीन बहुतांशी भाताच्या खाचरांची आहे. खाचर बांधलेलंच असतं पाणी धरून ठेवायला. त्यावर मुरुमाचा भराव टाकून प्लॉट पाडले की पाणी बांध फोडून शेजारच्या घरात शिरतं. जमीन मुळात कशी होती, हे सातबारा सांगतो. क्षेत्राच्या रकान्यात ‘तरी’ लिहिलं असेल तर ती भातजमीन, ‘वरकस’ असेल तर उताराची माळजमीन. ‘पोटखराबा (ब)’ खाली क्षेत्र दिसलं तर थांबा. तिथे बहुधा ओढा किंवा रस्ता असतो, आणि ती जागा तुमची होत नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढा आणि त्यावरचा ओढा आज जागेवर सापडतो का, ते बघा. ओढ्याच्या जागी एखादा बारीक पाइप टाकून वर रस्ता केलेला दिसला, तर सरळ दुसरं घर बघा.

आता उलट बाजू, उन्हाळ्याची. आंध्र धरणाचं पाणी टाटांच्या भिवपुरी वीजगृहातून (सुरुवात १९२२) पेज नदीत आणि तिथून उल्हासमध्ये येतं. म्हणून या नद्या मे महिन्यातही वाहतात. पण नदीपासून दूर, डोंगराच्या बाजूच्या वाड्यांमधल्या विहिरी आटतात आणि काळ्या कातळात बोअरला पाणी लागेलच असं नाही. म्हणून मे महिन्यात एक फेरी मारा. सोसायटीत टँकर येतो का, महिन्याला किती येतात आणि त्याचा खर्च कसा वाटतात, हे चौकीदाराला विचारा.

४. डोंगराकडे मान वर करून बघा

धबधबा दिसणारं घर सगळ्यांनाच हवं असतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली. तेव्हा इमारतीच्या मागे उतार उभा कापला आहे का, कापलेल्या जागी संरक्षक भिंत आणि पाणी निघायला वाट आहे का, वरच्या अंगाला नव्या भेगा किंवा कललेली झाडं दिसतात का, हे बघा. शंका आली तर भूवैज्ञानिकाचा सल्ला घ्या. घराच्या किमतीपुढे त्याची फी काहीच नाही.

माथेरानभोवतीचा परिसर ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र झाला आहे. तुमचा गट क्रमांक त्यात येतो का, हे अलिबागच्या नगररचना कार्यालयात लेखी विचारा.

५. कागद

इथे फ्लॅट आणि ‘फार्महाउस प्लॉट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्लॅट किंवा बंगल्यांचा प्रकल्प ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवर आणि आठांहून अधिक घरांचा असेल, तर महारेराकडे (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी हवीच. त्या क्रमांकावरून संकेतस्थळावर मंजूर नकाशा आणि ताबा देण्याची तारीख बघा. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, ओसी) मागा. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, कोणी काहीही सांगो.

प्लॉटच्या बाबतीत जास्त जपा. शेतकरी नसलेल्याला कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तरीही साठेकरारावर (पुढे विक्री करू एवढंच कबूल करणारा करार) किंवा दहा जणांच्या सामाईक सातबाऱ्यावर गुंठे विकले जातात. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेवढ्यासाठी आयुष्याची पुंजी घालू नका. ‘एनए (बिनशेती) होणार आहे’ हे उत्तर चालणार नाही, झाल्याचा लेखी पुरावा हातात हवा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली जमीन) असेल तर हस्तांतराला परवानगी लागते. हे खोरं ठाकर आणि कातकरी समाजाचंही आहे आणि आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. असा व्यवहार कायद्याने अडकतोच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो एका कुटुंबाचं पोट काढून घेतो. त्यात पडू नका.

सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्कां’तल्या नोंदी, जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) आणि ३० वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल वकिलाकडून तपासून घ्या. वकील तुमचा हवा, बिल्डरने सुचवलेला नको. मुद्रांक शुल्काचा दर नगरपरिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत सारखा नसतो, तो दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे.

६. राहायला आल्यावर

कुंपण घालण्याआधी जागेतून पायवाट जाते का, ते बघा. वाडीतल्या बायका त्या वाटेने पाण्याला आणि सरपणाला जातात. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदार ती मोकळी करायला लावू शकतात. तिथवर जायची वेळ आणू नका, वाट सोडूनच कुंपण घाला.

घोणस आणि मण्यार इथे आहेतच. सर्पदंशावरचं प्रतिविष (साप चावल्यावर देतात ते इंजेक्शन) जवळच्या कोणत्या दवाखान्यात असतं, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा आणि तो नंबर दाराशी लावा. कचरा कोण उचलतो, सांडपाणी कुठे सोडलं आहे, हे ग्रामसभेत विचारा. मतदार यादीत नाव आलं की तुम्हीही त्या सभेचे सदस्य असता.

प्लॉट किंवा बंगला घेतला असेल तर फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर तुमचं नाव चढलं का, हे स्वतः तपासा. मीटर आणि घरपट्टी नावावर करून घ्या. ही सगळी कामं पावसाळ्याआधी उरका, कारण जूननंतर तलाठी कार्यालय पंचनाम्यांत गुंतलेलं असतं.