हरियाणा समजून घेताना या चुका टाळा: आधी जमीन, मग तारखा

पानिपतला निघालेल्या मराठी माणसाला मी नेहमी एक प्रश्न विचारतो. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी भाऊसाहेबांच्या फौजेचं तोंड कुठल्या दिशेला होतं? बहुतेक जण क्षणाचाही विचार न करता सांगतात, उत्तरेला. अब्दाली अफगाणिस्तानातून आला, आपण दक्षिणेतून गेलो, मग आपण उत्तरेकडेच बघत असणार.

प्रत्यक्षात मराठ्यांचं तोंड दक्षिणेला होतं, दिल्लीकडे. दिल्ली आणि मराठे यांच्या मधोमध अब्दाली उभा होता.

नोकरीनिमित्त मी चार वर्षं कर्नालला राहिलो. पहिलं वर्षभर माझ्याही डोक्यात हा नकाशा उलटाच होता. शाळेपासून पानिपत ऐकत आलो, तारीख पाठ, माणसं पाठ, पण ती जमीन कशी आहे, पाणी कुठून कुठे वाहतं, वाट कुठून जाते, हे कधी कोणी दाखवलंच नव्हतं. हरियाणाबद्दल आपण ज्या चुका करतो त्यांतल्या बहुतेक इथूनच सुरू होतात. म्हणून या राज्याचा अभ्यास करायचा असेल, स्पर्धा परीक्षेसाठी असो की सहलीसाठी, तर तारखांची वही उघडण्याआधी नकाशा पसरा.

उलटा नकाशा

ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेब दिल्लीहून उत्तरेला निघाले आणि त्यांनी कुंजपुरा जिंकलं. कुंजपुरा कर्नालपासून जवळच, यमुनेच्या बाजूला आहे. अब्दाली तेव्हा यमुनेच्या पलीकडे, दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात होता. नदीला पाणी भरपूर, तो एवढ्यात उतरू शकणार नाही असा हिशेब होता. पण तो बागपतजवळ उतरला. बागपत आज उत्तर प्रदेशात आहे आणि पानिपतच्या दक्षिणेला, दिल्लीच्या अंगाला आहे. नकाशावर कुंजपुरा, पानिपत, बागपत आणि दिल्ली या चार ठिकाणी पेन्सिलीने टिंबं द्या. मराठ्यांची परतीची वाट एका रात्रीत कशी तुटली, रसद का आटली, अडीच महिने पानिपतला खंदक खणून का बसावं लागलं, हे त्या चार टिंबांत दिसतं. लढाई हरल्यावर इतकी माणसं का मारली गेली, तेही तिथेच कळतं. घराची वाट शत्रूच्या पाठीमागे होती.

दुसरा प्रश्न ओघानेच येतो: सगळे इथेच येऊन का लढले? ‘पानिपतची माती रक्ताची तहानलेली’ अशी वाक्यं वाचून सोडून द्या. उत्तर भूगोलात आहे. उत्तरेला शिवालिकच्या डोंगररांगा, नैर्ऋत्येला वाळवंटाकडे सरकत जाणारा रेताड मुलूख. खैबरहून लाहोर, सरहिंदमार्गे दिल्लीकडे येणाऱ्या फौजेला पाणी, चारा आणि धान्य मिळेल असा पट्टा यमुनेच्या बाजूचाच. तरावडी, कर्नाल आणि पानिपत ही तिन्ही गावं या एकाच वाटेवर, एकामागोमाग एक आहेत. ११९१ आणि ११९२ च्या तराईनच्या लढाया, १७३९ ची नादिरशहाची कर्नालची लढाई आणि १५२६, १५५६, १७६१ ची तीन पानिपतं एका ओळीत मांडली की त्या सुट्या घटना उरत नाहीत. आजचा राष्ट्रीय महामार्ग ४४ साधारण त्याच वाटेने जातो. पानिपत, कर्नालच्या भागात रस्त्यालगत मुघल काळातले कोसमिनार, म्हणजे कोसाकोसावर अंतर दाखवणारे मनोरे, अजून उभे आहेत. गाडी थांबवून एक तरी जवळून बघा.

‘तराईन’ नावाचं गाव मात्र शोधत बसू नका. पाटी ‘तरावडी’ अशी आहे. कर्नाल जिल्ह्यातलं तांदळाच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव.

नावांनी होणारी फसगत

यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझा मावसभाऊ कुटुंबासह चंदीगडहून पानिपतच्या स्मारकाला निघाला. मोबाइलच्या नकाशात त्याने स्मारकाचं नाव, ‘काला अंब’ म्हणजे काळा आंबा, टाकलं आणि गाडी नाहनच्या रस्त्याला लागली. हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यात, हरियाणाच्या हद्दीला लागून, काला अंब नावाचंच औद्योगिक गाव आहे. मुलं गाडीत दमली, दिवस गेला, पानिपत राहिलं. तुम्ही शोधताना ‘काला अंब, पानिपत’ असं पूर्ण लिहा आणि उग्राखेडी हे गाव लक्षात ठेवा. स्मारक त्या बाजूला, शहराबाहेर आहे.

तिथे आंब्याचं झाडही शोधू नका. ते केव्हाच वाळून गेलं. आज दिसतो तो विटांचा स्तंभ, वर लोखंडी गज आणि भोवती लोखंडी कुंपण. पहिल्यांदा गेलो तेव्हा थंडीतली सकाळ होती. धुक्यामुळे कुंपणापलीकडचं काही दिसत नव्हतं. दहा-साडेदहाला धुकं विरलं आणि चहूबाजूंनी गव्हाची हिरवी शेतं आणि मधूनच मोहरीचे पिवळे पट्टे उघडे झाले. इतकं सपाट, इतकं उघडं! डोंगर नाही, खिंड नाही, आडोसा नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला गनिमी कावा इथे का चालला नसता, हे सांगावं लागत नाही.

जिल्ह्यांच्या नावांतही असाच गुंता आहे. महेंद्रगड जिल्ह्याचं मुख्यालय महेंद्रगडला नाही, नारनौलला आहे. कुरुक्षेत्र हे शहराचं नाव, जिल्ह्याचं नाव आणि परंपरेने ४८ कोसांच्या मोठ्या भूमीचंही नाव. ही भूमी आजच्या कुरुक्षेत्र, कैथल, कर्नाल, जींद आणि पानिपत अशा पाच जिल्ह्यांत पसरलेली आहे. एका सरोवरावर स्नान करून ‘कुरुक्षेत्र पाहिलं’ असं म्हणण्याआधी हे माहीत असावं. गुडगावचं गुरुग्राम आणि मेवातचं नूह ही २०१६ मधली नामांतरं.

जुनी कागदपत्रं वाचणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राज्य झालं तेव्हा इथे सातच जिल्हे होते. पानिपत हा स्वतंत्र जिल्हा झाला १९८९ मध्ये. त्याआधीच्या कुठल्याही सरकारी कागदात पानिपत शोधायचं असेल तर ते कर्नाल जिल्ह्यात सापडेल. बावीसावा जिल्हा, चरखी दादरी, २०१६ चा. त्यामुळे जिल्ह्यांची संख्या पाठ करताना पुस्तकाचं साल आधी बघा.

‘हरियाणा म्हणजे पंजाबचाच तुकडा’

हे वाक्य मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय. १ नोव्हेंबर १९६६ ला पंजाबमधून हरियाणा वेगळा झाला, हे खरं. पण तो पंजाबला जोडला गेला कधी? १८५८ मध्ये. १८५७ च्या उठावात या मुलखाने कंपनीविरुद्ध हत्यार उचललं होतं. रेवाडीचे राव तुलाराम लढले, नारनौलजवळ नसीबपूरला मोठी लढाई झाली. झज्जरचे नवाब अब्दुर रहमान खान आणि वल्लभगडचे राजा नाहरसिंह यांना दिल्लीत फाशी दिलं गेलं. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी हा भाग दिल्लीपासून तोडून पंजाबला जोडला. म्हणजे पंजाबशी नातं १०८ वर्षांचं आणि दिल्लीशी कैक शतकांचं. १३२८ च्या एका संस्कृत शिलालेखात ‘देशोऽस्ति हरियाणाख्यः पृथिव्यां स्वर्गसन्निभः’ असं म्हटलंय आणि पुढे सांगितलंय की त्या देशात तोमरांनी वसवलेली ढिल्लिका नावाची नगरी आहे. आज आपण दिल्लीला लागून हरियाणा म्हणतो. शिलालेखात दिल्लीच हरियाणात आहे.

चंदीगडचंही तसंच. ते हरियाणाच्या कुठल्याच जिल्ह्यात येत नाही. केंद्रशासित प्रदेश आहे आणि दोन राज्यांची राजधानी आहे. उच्च न्यायालयही दोघांचं मिळून एकच.

मराठ्यांचा संबंध १७६१ ला संपला, हा गैरसमज

आपल्याकडची ही सगळ्यात मोठी चूक, असं माझं मत आहे. पानिपतानंतर दहाच वर्षांत, १७७१ मध्ये, महादजी शिंद्यांच्या फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. पुढची तीसेक वर्षं या मुलखावर मराठ्यांचा वचक कमी-अधिक राहिला. झज्जरची जहागीर आप्पा खंडेराव या मराठा सरदाराने जॉर्ज थॉमस नावाच्या आयरिश शिपाईगड्याला दिली. हा गडी पुढे हांसीला स्वतःचं राज्य थाटून बसला. त्याने बांधलेल्या जॉर्जगडला लोक आजही जहाजगड म्हणतात, आणि जहाजाचा तिथे काहीएक संबंध नाही! त्याला अखेर मोडलं ते शिंद्यांच्याच फौजेने, १८०१ च्या शेवटी.

मग हरियाणा इंग्रजांकडे गेला कसा? ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने. दौलतराव शिंद्यांनी त्यात दिल्लीच्या आसपासचा मुलूख सोडून दिला. हे अंजनगाव-सुर्जी आपल्या अमरावती जिल्ह्यातलं. रोहतक, हिसारचं भवितव्य वऱ्हाडातल्या एका गावात ठरलं. अमरावतीच्या मुलांना शाळेत हे कोणी सांगतं का? सांगायला हवं.

याच्याच जोडीला रोड समाजाबद्दल. कर्नाल, पानिपत, कुरुक्षेत्र भागात हा शेतकरी समाज आहे. पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज आहोत, असं त्यातले अनेक जण मानतात. शिवजयंती साजरी करतात, १४ जानेवारीला काळ्या आंबाशी जमतात. ‘मराठा हो? घर चलो,’ म्हणत मला जेवायला नेणारी माणसं त्यांच्यातलीच. त्या मायेला मी फार मानतो. पण इतिहास लिहिताना ही समाजाची श्रद्धा आणि सांगोवांगी आहे, असंच लिहा. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. आणि उलट बाजूने, पुरावा मागत त्या घरात वाद घालू नका.

सपाट आहे, पण एकसारखं नाही

विमानातून हरियाणा एकसारखा हिरवा पाट दिसतो. क्षेत्रफळ ४४,२१२ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक सप्तमांश. एवढ्याशा राज्यात वेगळं काय असणार, असं वाटतं. पण शिवालिकच्या पायथ्याशी वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सिरसा-हिसारकडे तीन-चारशेच. उत्तरेला मोरनीच्या टेकड्या, दक्षिणेला अरवली, आणि मधला भाग बशीसारखा खोलगट. त्यामुळे एकीकडे रोहतक-झज्जरच्या शेतांत पाणी तुंबतं आणि दुसरीकडे रेवाडी-महेंद्रगडला कालव्याचं पाणी पंपांनी चढवून न्यावं लागतं.

नद्यांबाबत तर बहुतेक जण अडखळतात. यमुना हीच काय ती मोठी बारमाही नदी, आणि ती पूर्वेच्या हद्दीवरून वाहते, राज्याच्या मधून नाही. घग्गर पावसाळी. दक्षिणेच्या साहिबी, दोहान, कृष्णावती या अरवलीतून निघून उत्तरेकडे येतात. मग हा गहू, हा भात पिकतो कशावर? कालवे आणि कूपनलिका. पश्चिम यमुना कालव्याची मुळं फिरोजशहा तुघलकाच्या चौदाव्या शतकातल्या कालव्यापर्यंत जातात. हिसार हे शहरही त्यानेच वसवलं. हिसार म्हणजे किल्ला, आणि तिथवर पाणी आणल्याशिवाय किल्ला टिकला नसता.

जिल्ह्यांची यादी पाठ करण्यापेक्षा तिथल्या माणसांचे शब्द शिका. नदीकाठची पुराची जमीन ती खादर, उंचावरची जुन्या गाळाची ती बांगर, पश्चिमेची रेताड ती बागड. रेवाडी-नारनौलचा अहीरवाल, नूहकडचा मेवात. आपण मावळ, देश, खानदेश, वऱ्हाड म्हणतो तसंच हे. बोलीही त्याप्रमाणे पालटते. रोहतकची बांगरू, अहीरवाटी, मेवाती, बागडी. पलवलकडे ब्रजची छटा. दूरदर्शनवर ऐकलेली एकच ‘हरियाणवी’ घेऊन गेलात तर सिरशाच्या म्हाताऱ्याचं बोलणं अर्धंच कळेल.

राखीगढीला जाताय तर

हिसार जिल्ह्यातली ही हडप्पा संस्कृतीची वसाहत. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केलं, त्यामुळे आपल्याला तिची विशेष ओढ. मोहेंजोदडोच्या फोटोंसारख्या उभ्या भिंती डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर हिरमोड होईल. इथे मातीची टेकाडं आहेत आणि त्यांतल्या काहींवर आजचं गाव वसलेलं आहे. टेकाडाच्या उतारावर गोवऱ्या थापलेल्या असतात, पायाशी खापऱ्या पडलेल्या. त्या उचलून खिशात घालू नका. जागची हललेली खापरी अभ्यासकाला निम्मंच सांगते. इथल्या एका स्त्रीच्या सांगाड्यातल्या डीएनएवरचा शोधनिबंध २०१९ मध्ये आला आणि त्यावरून लोकांनी आपापल्या सोयीचे निष्कर्ष काढले. सांगाडा एक होता, हे विसरू नका.

एकाच दिवसाचा वेळ असेल तर हा क्रम धरा. सकाळी तरावडी, मग कर्नालचा कोसमिनार, वाकडी वाट करून कुंजपुरा, आणि मग दक्षिणेला पानिपत. मराठी फौज माघारी फिरली ती याच दिशेने. जानेवारीत धुकं असतं, त्यामुळे पहाटे निघायचा हट्ट धरू नका. दुपारी दोनच्या सुमारास काळ्या आंबाशी पोहोचाल असा बेत करा. तिथे दिल्लीकडे तोंड करून पाच मिनिटं उभे राहा. थंडीतला सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आणि ऊन सरळ डोळ्यांवर येतं.