अध्यक्षीय निवडणूक आणि अमेरिकेत नव्याने आलेले आपण

अमेरिकेत येणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी सर्वप्रथम हेच बजावतो की ग्रीन कार्डावर, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावर, मताधिकार मिळत नाही. १९९३ च्या कायद्यामुळे बहुतेक राज्यांत वाहन परवान्याच्या अर्जाबरोबरच मतदार नोंदणीचीही विचारणा होते, आणि घाईत सह्या करणारा माणूस नागरिक असल्याच्या चौकटीत खूण करून बसतो. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ‘आपण कधी मतदार म्हणून नाव नोंदवले होते का’ असा थेट प्रश्न येतो. नागरिक नसताना अध्यक्षीय निवडणुकीत मत देणे हा गुन्हा असून प्रकरण हद्दपारीपर्यंत जाऊ शकते. अशा एका खुणेपायी वकिलाकडे खेटे घालणारे कुटुंब मी जवळून पाहिले आहे. म्हणून ती चौकट वाचा, समजत नसेल तर विचारा, आणि तोवर सही करू नका.

नागरिकत्वाची शपथ झाली की मात्र त्याच आठवड्यात नोंदणी करा. महाराष्ट्रात मतदार यादीसाठी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरी येतात आणि मतदानाला सुट्टी मिळते; येथे नोंदणीचा भार बहुतांशी मतदारावरच असतो आणि १८४५ च्या कायद्याने ठरलेला नोव्हेंबरमधील मंगळवार बहुतेक नोकरदारांसाठी कामाचाच दिवस असतो. २०२० मध्ये पात्र मतदारांपैकी सुमारे ६६ टक्क्यांनी मतदान केले, ते १९०० नंतरचे सर्वाधिक ठरले. २०१६ मध्ये हेच प्रमाण सुमारे ६० टक्के होते. बाकीचे मतदान करत नाहीत, याला केवळ लोकांची उदासीनता कारणीभूत आहे, असे मी मानत नाही. मिनेसोटात मतदानाच्या दिवशीही नोंदणी करता येते आणि ते राज्य मतदानात सतत आघाडीवर असते, तर टेक्सासमध्ये नोंदणी ३० दिवस आधीच बंद होते. तरुण आणि वारंवार घर बदलणारे लोक कमी मतदान करतात. आपले आयटीतील लोक नेमके याच गटात मोडतात. पत्ता बदलला की नोंदणीही अद्ययावत करावी लागते, हे तर अनेकांच्या गावीही नसते.

मंडळाच्या गणेशोत्सवात राजकारणावर तासन्‌तास बोलणारे आपलेच लोक ‘कॅलिफोर्नियात निकाल ठरलेलाच असतो’ म्हणून घरी बसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. प्रत्येक राज्याची निर्वाचक मते (अध्यक्ष निवडण्यासाठी त्या राज्याच्या वाट्याला येणारी मते) स्वतंत्र मोजली जात असल्याने प्रचाराचा सारा जोर मोजक्या अटीतटीच्या राज्यांत असतो आणि तेथे मतदानही सहसा अधिक होते, हे खरे आहे. तरीही त्याच मतपत्रिकेवर शाळा मंडळ, काउंटी आणि राज्याच्या जागाही असतात. शिवाय जॉर्जियाचा निकाल २०२० मध्ये ११,७७९ मतांनी लागला.

टपाली मतदान सोयीचे आहे. परंतु अनेक राज्यांत पाकिटावरील सही नोंदीतील सहीशी ताडून पाहतात, म्हणून एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत सही करू नका. परदेशी नागरिकत्व घेताच भारतातील मताधिकार संपतो आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डावर) तो परत मिळत नाही, त्यामुळे गावच्या मतदार यादीतील नावही वगळून घ्या.