खाऱ्या वाऱ्यातला झोपाळा: वरचं सामान कसं निवडावं

तुळई शाबूत आहे आणि भोकं कुठे पाडायची ते सुताराशी बोलून झालंय, असं धरून चालतो. पाटाच्या लाकडावर सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. वरच्या कड्यांचा विषय निघाला की मात्र सगळे एकच सांगतात, "एसएसच्या (म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या) घ्या." या अर्धवट सल्ल्याने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय.

मालवणात, समुद्राची गाज ऐकू येईल अशा ओटीवर मी असल्याच "एसएस" कड्यांवर झोपाळा टांगला होता. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही, मी खूश. दुसऱ्या पावसाळ्यानंतर कड्यांवर तांबूस डाग आले. ते पुसले की जात, म्हणून सोडून दिलं. पुढे बोल्ट उपसला, तर तुळईच्या आत दडलेला भाग उंदराने कुरतडल्यासारखा झाला होता. दिसतो तो गंज परवडला; ओल धरून बसलेल्या फटीतला खरा वैरी.

लोहचुंबकाने काही सिद्ध होत नाही. २०२, ३०४, ३१६ या स्टेनलेसच्या ग्रेड, म्हणजे प्रती; यांपैकी एकही त्याला धड चिकटत नाही. २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज भरलेलं असतं. किनाऱ्यावर ते घेऊच नका. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत तेच कामाला येतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या. दुकानदार कां-कू करू लागला तर मॉली टेस्टचा, म्हणजे मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या द्रावणाचा, थेंब टाकून बघा, रंगावरून कळतं.

बजेट नसेल तर वितळलेल्या जस्तात बुडवलेलं, म्हणजे हॉट डिप सामान घ्या. नुसतं पाणी चढवलेलं चकचकीत सामान नको, त्यावरचा जस्ताचा थर फारच पातळ असतो. पण काय घ्याल ते सगळं एकाच जातीचं घ्या. स्टेनलेसच्या कडीत जस्ताची साखळी अडकवली की खारट ओलीत सांध्याजवळचं जस्त आधी खाल्लं जातं.

वजनाचं म्हणाल, तर झोका ६० अंशांवरून सुटला की तळाशी येताना साखळ्यांवर माणसांच्या वजनाच्या दुप्पट ताण येतो. शॅकलवर (कडी-साखळी जोडणाऱ्या, खिळीच्या यू आकाराच्या दुव्यावर) भार कोरलेला नसेल तर ते शोभेचं समजा.

बसवणं सोपं: आरपार बोल्ट, वर जाड पट्टी, डबल नट. स्टेनलेसच्या आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर नट असा जाम होतो की कापूनच काढावा लागतो.

बंदिस्त जलतरण तलावावर काही टांगायचं असेल तर यातलं काही लागू नाही, तिथे ३१६ सुद्धा दगा देतं. स्वित्झर्लंडमधल्या उस्टरला १९८५ मध्ये अशाच तलावाचं काँक्रीटचं छत स्टेनलेसच्या टांगण्या तडकून कोसळलं आणि १२ माणसं गेली.

दिवाळीच्या साफसफाईत कड्या गोड्या पाण्याने धुवा, एक बोल्ट उपसून बघा. कडी जिथे घासते तिथे जाडी मोजायचं व्हर्निअर लावा. मूळ जाडीचा दहावा हिस्सा झिजला असेल तर ती भंगारात.